सतरा नंबरचा तारा

अक्का गेल्या त्या दिवशी मी नांदेडला होते. माझ्या भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. सकाळी निघताना वरच्या खोलीत डोकावले, तर अक्का खिडकीशी बसून उपमा खात होत्या. "संध्याकाळपर्यंत येते," म्हटलं, तर म्हणाल्या, "ये सावकाश. आज तसंबी आकडे न्हाईत." हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुपारी पंगतीत बसले होते तेव्हा ह्यांचा, म्हणजे माझे पती शिवराज यांचा फोन आला. "सुनंदा, अक्का गेली गं..." एवढंच म्हणाले, पण फोन ठेवला नाही. मागे आमच्या डाळमिलचा घरघराट ऐकू येत होता. मग कुणीतरी मशीन बंद केली असावी, कारण तो आवाज हळूहळू उतरत थांबला. ताटावरून उठून मी मिळाली ती लातूरची एसटी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं... मला खिडकीबाहेरचं काहीच दिसत नव्हतं. घरी माझ्यासाठी थांबले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे अक्कांना विभूती लावून, बसत्या स्थितीत मातीच्या स्वाधीन केलं.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस माणसं भेटायला येत राहिली. उदगीरचे पाहुणे आले, मुखेडचे भाऊबंद आले, माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाई आल्या. प्रत्येकजण चहाचा कप हातात घेऊन थोडं थांबून विचारी, "पण त्या नेमकं करायच्या काय हो?" माझ्या घरात, माझ्या डोक्यावरच्या खोलीत जे अडीच वर्षं चाललं होतं ते एका कपाच्या वेळात सांगता येईना. "ताऱ्यांचा अभ्यास," एवढंच म्हणत राहिले. म्हणून हे लिहायला बसले.

शैलजा अक्का ह्यांच्या थोरल्या बहीण. दोघं मूळचे मुखेडचे. माझ्या सासऱ्यांचं, आप्पांचं, तिथं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. अक्का नांदेडच्या कॉलेजात विज्ञान शिकल्या आणि पुढं पुण्याला जायचं म्हणाल्या, तेव्हा घरात लग्नाची बोलणी जवळजवळ ठरलेली होती. त्या गेल्या. मुखेडच्या बाजारात मात्र "कापडवाल्याची पोरगी पळाली" असंच बोललं गेलं. आप्पा भर बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले होते म्हणे, "शिकायला गेलीया. कुणाला विचारायचं असंल तर मला विचारा." कुणी विचारलं नाही. पुढं अक्का बंगलोरच्या एका संशोधन संस्थेत लागल्या, तिथंच राहिल्या. लग्न केलं नाही. वर्षातून एकदा लातूरला यायच्या, चार दिवस राहून जायच्या. माझ्या लेखी त्या एक हुशार, कमी बोलणाऱ्या आणि साडीला इस्त्री नसली तरी चालणाऱ्या नणंदबाई होत्या. बस.

निवृत्तीनंतर त्यांच्या डोळ्यांचे पडदे मधुमेहानं खराब झाले. समोरचं माणूस दिसे, दार-खिडकी दिसे, पण बारीक अक्षर विरघळून जाई. ह्यांनी मला न विचारताच ठरवलं, "अक्का आता इथंच राहील." खरं सांगते, मला राग आला होता. बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान-गणित शिकवून मी नुकतीच मोकळी झाले होते. आता नणंदेची सेवा, असं मनात आलं. अक्का आल्या त्या दोन पेट्या, एक मोठा पडदा असलेला कॉम्प्युटर आणि गुडघ्याइतका उंच वह्यांचा गठ्ठा घेऊन. आठवडाभरात मला वर बोलावून म्हणाल्या, "सुनंदा, तुला आकडे वाचता येतात ना?"

मी म्हटलं, "अक्का, मी गणिताची बाई आहे."

"म्हणून तर विचारून राहिले. मला रेघा दिसतात, आकडे दिसत न्हाईत. तू वाच, मी ऐकते. जमलं तर कर, न्हाई तर न्हाई."

असं ते सुरू झालं. सकाळी चहा-नाश्ता आटोपला की दहा ते बारा. मला वाटायचं खगोलशास्त्रज्ञ म्हणजे दुर्बिणीला डोळा लावून बसणारा माणूस. अक्कांना आकाशाकडे बघताना मी कधी पाहिलंच नाही. बाहेर मिलमध्ये तुरीचं भरडणं चालू असायचं, खिडकीच्या गजावर डाळीची पिवळट धूळ बसायची आणि आत आम्ही दोघी हजारो प्रकाशवर्षं दूरच्या ढगात. वायू आणि धुळीचा एक प्रचंड ढग, त्यात नवे तारे जन्मतात. त्यांतले सगळ्यात दणकट, सूर्याच्या वीस-वीस, तीस-तीस पट वजनाचे तारे, ते अक्कांचे. त्यांची ऊब किती, ते स्वतःभोवती किती जोरात फिरतात, आपल्याकडे येतात की आपल्यापासून दूर जातात, आणि किती वेगानं... हे मोजायचं. ताऱ्याचा उजेड फाकवला की रंगांचा पट्टा, म्हणजे वर्णपट, मिळतो आणि त्यात काळ्या रेघा दिसतात. तारा दूर जात असेल तर रेघा तांबड्याकडे सरकतात, जवळ येत असेल तर निळ्याकडे. हा धडा मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहून दिला होता. रेल्वेच्या शिट्टीचं उदाहरण देऊन, परीक्षेला हमखास येतो म्हणून अधोरेखित करून. पण सरकलेली रेघ स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिली ती साठाव्या वर्षी, नणंदेच्या खोलीत. त्या दिवशी भाजी करपली माझी.

अक्कांनी हाती घेतलेलं काम असं होतं: जगभरातल्या दुर्बिणींनी त्या एका ढगातल्या ताऱ्यांचे घेतलेले वर्णपट जुन्या साठ्यांतून काढायचे आणि सगळ्यांचं मोजमाप एकाच पद्धतीनं, नव्यानं करायचं. "प्रत्येकानं आपापल्या पट्टीनं मोजलंय. एका पट्टीनं मोजलं की मग कोण कुठं चाललाय ते कळंल," म्हणायच्या. ताऱ्यांना अवघड नावं होती, म्हणून आम्ही आमच्या वहीत त्यांना साधे नंबर दिले होते. मी प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडी. एवढे मोठे तारे, तर ते जास्त जगत असतील ना? "उलटं," त्या म्हणायच्या, "जेवढा मोठा तेवढा उधळ्या. लवकर संपतो. म्हणून तर तो जन्मल्या जागेपासून लांब सापडला की विचारावं लागतं, बाबा, तुला कुणी ढकललं?"

त्यांत सतरा नंबरचा तारा खास होता. अक्कांचं नाव झालं ते त्याच्यामुळं. तीस वर्षांपूर्वी त्यांना एका मोठ्या दुर्बिणीवर आठवडाभराची वेळ मिळाली होती. तेव्हा त्यांनी मोजलं की तो दिसायला आपल्या, म्हणजे बरोबर जन्मलेल्या ताऱ्यांच्या, समूहाच्या कडेलाच आहे, पण सगळ्या भावंडांपेक्षा कितीतरी जास्त वेगानं आपल्यापासून दूर चालला आहे. म्हणजे समूहातून बाहेर फेकला गेलेला, सरळ पाठ करून पळणारा तारा. तो लेख गाजला, इतरांनी आपल्या लेखांत तो वेग तसाच उचलला. मी एकदा धीर करून विचारलंही, "अक्का, तुम्हाला पळता ताराच कसा सापडला? मुखेडच्या लोकांचं बोलणं मनात होतं का?" त्या मोकळ्यानं हसल्या. "अगं, तारा हाय तो. त्याला काय ठाऊक मुखेड?"

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. दुसऱ्या एका दुर्बिणीचे वर्णपट आले होते. मी आकडे वाचत होते, वहीत उतरवत होते. सतरा नंबरशी आले आणि लिहिलं, बारा. सहज मागचं पान उलटून बघितलं तर तिथं माझ्याच अक्षरात एकाहत्तर. सेकंदाला एकाहत्तर किलोमीटर, तोच अक्कांचा प्रसिद्ध वेग.  म्हटलं, ओळ चुकली आपली. किती दिवस अशा ओळी चुकतायत कोण जाणे. शिक्षिकेला चूक कबूल करणं फार जड जातं... पण म्हटलं, "अक्का, माझ्या हातून काहीतरी घोटाळा झालाय. सतराचा आकडा जुळत नाही."

"पुन्हा वाच."

वाचला. बारा.

"रेघ मोठी करून दाखव."

मी पडद्यावर रेघ मोठी केली. त्या खुर्ची ओढून अगदी नाक टेकेल इतक्या जवळ गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिसऱ्यांदा मोज. पहिल्यापासून." मी मोजलं. बारा. खाली मिलचा भोंगा झाला, माणसं जेवायला सुटली. अक्का मागं टेकून बसल्या.

"चूक तुझी न्हाई, सुनंदा."

"मग?"

"माझी हाय बहुतेक."

तारा दूर पळत असेल तर त्याचा वेग तोच राहायला हवा. तो बदलतो याचा साधा अर्थ, त्याला कुणीतरी ओढतंय. शेजारी एक अंधुक जोडीदार असणार आणि दोघं एकमेकांभोवती फिरत असणार. फिरताना कधी तो आपल्यापासून दूर जातो, कधी जवळ येतो. तीस वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्यात तो नेमका दूर जायच्या भरात होता. सातही दिवस आकडा तोच आला, म्हणून अक्कांची खात्री पटली. "फेरा जर महिन्यांचा असंल तर सात दिवसांत काय कळणार? तेव्हा एवढं सुचलं न्हाई मला," त्या म्हणाल्या. आवाजात रडं नव्हतं. होतं ते एक प्रकारचं कुतूहल, जसं दुसऱ्याच कुणाची तरी चूक तपासताहेत. पण त्या दिवशी जेवल्या नाहीत.

बंगलोरला त्यांचे जुने सहकारी सुंदरम यांना फोन लावला. सुंदरम मोडक्या हिंदीत बोलायचे, मी स्पीकर लावून दिला. सगळं ऐकून ते म्हणाले, "छोड दो शैलजा. दोन आकड्यांवरून काय सिद्ध होतं? तू निवृत्त झालीस. कधीतरी कुणी तरुण पोरगं शोधून काढील." अक्कांनी शांतपणे विचारलं, "त्या पोराला सापडायच्या आधी मला सापडलंय, त्याचं काय करू?"  मग सुंदरम म्हणाले, "अच्छा. दर महिन्याला एकदा बघायची सोय होते का बघतो."

ते पुढचे महिने मी विसरणार नाही. महिन्या-दीड महिन्यानं ईमेल यायचा, त्यात एक वर्णपट. आम्ही दोघी तो मोजायचो. मी लातूरच्या बाजारातून मोठ्या चौकोनांचा आलेखकागद आणला, भिंतीवर चिकटवला आणि अक्कांना दिसावा म्हणून जाड काळ्या स्केचपेननं ठिपका द्यायला लागले, वेग जास्त तर वर, कमी तर खाली. पहिला ठिपका खाली. दुसरा आणखी खाली. तिसरा थोडा वर. मी पोरीसारखी ईमेलची वाट बघायची. सकाळी उठून देवघरात जायच्या आधी कॉम्प्युटर उघडायची. दुसरा कुठला तारा असता तर ठीक, पण हा एक तारा अक्कांचं सगळं नाव घेऊन बुडणार होता आणि मला मात्र पुढचा ठिपका कधी येतो असं झालं होतं... याची मला लाजही वाटायची. एकदा बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "लाज कशाची? मलाबी तेच झालंय."

याच काळात शहरातल्या एका मंडळानं अक्कांचा सत्कार ठरवला. मंडळाचे अध्यक्ष ह्यांचे मित्र. ह्यांना केवढा आनंद! बहिणीचं लातुरात कधी कौतुक झालं नव्हतं. आमंत्रणपत्रिका घरी आली, वर छापलं होतं, 'पळत्या ताऱ्याच्या संशोधिका'. अक्कांनी मला ती वाचायला लावली आणि ह्यांना वर बोलावलं.

"शिवा, हे बदलायला सांग. तो पळता तारा न्हाई."

"अक्का, पत्रिका वाटून झाल्या, बोर्ड लागले. आणि तूच म्हणतीस अजून नक्की न्हाई."

"पाच ठिपके झालेत. मला तरी नक्की हाय."

"मग नंतर सांग की काय ते. लोकांना कुठं कळतंय एवढं?"

अक्कांनी पत्रिका घडी घालून वहीत ठेवली. मी ओळखलं आता काय होणार.

सभागृह भरलं होतं. पुढं शहरातली मंडळी, मागं क्लासेसची मुलंमुली आणून बसवलेली. शाल झाली, हार झाला, अध्यक्षांचं भाषण झालं. अक्का माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही ज्या शोधासाठी मला शाल दिली तो शोध चुकला. कसा चुकला तेवढं सांगते." पंधरा मिनिटं त्या बोलल्या, आपल्या मुखेडच्या बोलीत. विज्ञान न शिकलेल्या माणसालाही कळावं असं. पुढच्या रांगेत चुळबूळ सुरू झाली. अध्यक्ष घड्याळ बघू लागले. ह्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. शेवटी मागून एक मुलगी उभी राहिली. तिनं विचारलं, "मॅडम, मग इतक्या वर्षांनी तुम्हाला आत्ता कसं कळलं?"

अक्का म्हणाल्या, "माझ्या भावजयीनं आकडा नीट वाचला. तिला वाटलं तिचीच चूक हाय. तरी लपवला न्हाई. ती बघा, तिसऱ्या रांगेत." सगळं सभागृह माझ्याकडं वळलं. मला उठावं की बसावं कळेना.

 घरी येऊन दारात उतरल्यावर ह्यांचा बांध फुटला. "चारचौघांत सांगायची काय गरज होती, अक्का? माझी इज्जत काय राहिली?" अक्का म्हणाल्या, "शाल घेऊन गप बसले असते तर माझी काय राहिली असती?" दोन दिवस बहीण-भावाचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कामाला बसलो होतो, तर जिन्यात पावलं वाजली. ह्यांचे गुडघे दुखतात, वर येणं टाळतात. दारात उभे राहून म्हणाले, "दाखव बघू, काय हाय ते." मी भिंतीवरचा कागद दाखवला. तोवर सहा ठिपके झाले होते. खाली गेलेले, वळून वर चढलेले. ह्यांनी जवळ जाऊन त्यांच्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे ह्यो कुठंच पळाला नव्हता?"

"न्हाई रे. आपल्या माणसांतच होता. मीच एकच आठवडा बघितलं आन् ठरवून टाकलं."

"ही रेष वर गेली की पुन्हा खाली येणार?"

"आली पायजे. सातव्या ठिपक्याला."

सातव्या ठिपक्याला ती आली आणि मी ठिपके जोडून पुढच्या महिन्यांचीही रेष आखून ठेवली. अक्कांनी दुरुस्तीचा लेख लिहायला घेतला. त्या सांगायच्या, मी टाइप करायची. पहिलंच वाक्य होतं की या ताऱ्याबद्दलचा माझा आधीचा निष्कर्ष बरोबर नाही. लेखकांत त्यांनी माझंही नाव घातलं. सुंदरम म्हणाले आभारात घालू या. अक्का अडून बसल्या, "मोजलं तिनं. मोजणारीचं नाव वरच लागतं." लेख छापून आला त्या दिवशी मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर फक्त म्हणाल्या, "हेलियमचा उच्चार सुधार जरा." महिन्याभरानं त्या गेल्या.

परवा ईमेल उघडला तर सुंदरम यांच्याकडून नवा वर्णपट आलेला. दुर्बिणीची वेळ फार आधी मागून ठेवावी लागते, ती ठेवलेली होती, म्हणून निरीक्षण झालं होतं. वर गेले. खोलीत बसून मी तो एकटीनं मोजला. आकडा सवयीनं मोठ्यानं वाचला. मग ठिपका दिला... आणि तो रेषेवर बसेना. थोडा खाली, पण स्पष्ट खाली. पुन्हा मोजला. तिसऱ्यांदा, पहिल्यापासून मोजला. तेवढाच. सुंदरम यांना फोन केला. ते बराच वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "यंत्राचा दोष असेल. नाहीतर... तीसरा भी हो सकता है. देखना पडेगा." म्हणजे त्या दोघांभोवती लांबून फिरणारा आणखी एक तारा. मी विचारलं, "पुढचं निरीक्षण कधी?" म्हणाले, "डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. पण आता पाठवू कुणाला?" मी म्हटलं, "मला पाठवा."

खालून ह्यांनी हाक मारली, काय झालं म्हणून. मी सांगितलं, ठिपका रेषेवर बसत नाही. ते गुडघे धरत, एक-एक पायरी करत वर आले. कागदासमोर उभे राहिले. "का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "माहीत नाही अजून. डिसेंबरात कळेल कदाचित." त्यांनी नव्या ठिपक्यावर बोट ठेवून पाहिलं. मग खाली गेले. संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथं ते मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, सुट्ट्या खुणावून ठेवतात तिथं, डिसेंबरचं पान उलटून दुसऱ्या आठवड्याभोवती पेननं गोल काढलेला होता. आत ह्यांच्या जाड अक्षरात लिहिलं होतं: सतरा.